पोट आत घेऊन काढलेली बावीस वर्षं

शाहूपुरीत फरश्यांच्या एका दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर, आमची जिम. तिथं बावीस वर्षं मी बायकांच्या बॅचची मॅडम होते. कॉलेजात कबड्डी खेळले होते, तेवढ्यावर नोकरीला लागले आणि गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा सुटले. निरोपाच्या दिवशी एकीनं भाषणात सांगितलं, "मॅडमनी आमच्या शरीराला आकार दिला." बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी तेव्हाही जुन्या सवयीनं पोट आत ओढून उभी होते.

जिम बाहेरून बघणाऱ्यांना वाटतं, ट्रेनरला शरीराचं शास्त्र कळत असणार. थोडं कळतं. पण निम्मा वेळ आम्ही नुसतं मोजत असतो, आणि तेही खोटं. "शेवटचे दोन" असं म्हणून पाच करून घ्यायचे, हे या धंद्यातलं पहिलं कसब. दुसरं कसब ऐकून घ्यायचं. बाई ट्रेडमिलवर चढली की तिसऱ्या मिनिटाला सासू निघते, सातव्याला जाऊ आणि दहाव्याला नवरा. वीस मिनिटं चालून बाई उतरते तेव्हा तिचं निम्मं दुखणं गेलेलं असतं आणि श्रेय मशीनला मिळतं.

व्यायामात गूढ असं काही नाही. स्क्वॉट म्हणून ज्याचा एवढा गाजावाजा चालतो, ती साधी बैठक. खाली बसायचं आणि कशाला न धरता उठायचं. म्हातारपणी संडासातून आपलं आपण उठता यावं, हे व्यायामाचं सगळ्यात मोठं फळ, असं माझं प्रामाणिक मत आहे. पण हे बोर्डावर लिहिलं तर कोण येणार? म्हणून आमच्या बोर्डावर सपाट पोटाची एक परदेशी बाई होती. ती कोल्हापुरात कधी आलेली नव्हती आणि तिनं इथली मिसळही खाल्लेली नव्हती. तसलं पोट तिलाच परवडणार.

बायकांच्या बॅचमध्ये सगळ्यात मानाची वस्तू म्हणजे वजनाचा काटा. त्यावर चढण्याआधी बायका चपला काढत, मग घड्याळ, मग बांगड्या, मग केसांतल्या पिना. एक प्राध्यापिका होत्या. मंगळसूत्र काढणं त्यांना पटायचं नाही, म्हणून काट्यावर उभ्या राहून त्या ते हातानं वर उचलून धरायच्या. पदार्थविज्ञान शिकवायच्या. मी बघून न बघितल्यासारखं करायची. खरं तर कालच्या लोणच्यानं, पाळीच्या दिवसांनी किंवा नुसत्या पाणी प्यायल्यानं वजन इकडंतिकडं होतं. हे मला माहीत होतं. तरी काटा खाली आला की मी टाळ्या वाजवायची आणि वर गेला की भुवया उडवायची. त्या भुवयांवर कितीजणींचा अख्खा दिवस गेला असेल, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

मालकांना सगळे अण्णा म्हणत. तरुणपणी शरीरसौष्ठवाच्या स्पर्धा जिंकलेला माणूस. छाती बघून समोरचा दोन पावलं मागं सरायचा, पण दोन्ही खांदे इतके कामातून गेले होते की अण्णांना स्वतःची पाठ खाजवता यायची नाही. दाराच्या चौकटीला पाठ घासायचे. वाईट माणूस नव्हता. "बाई, लोक तब्येतीसाठी येत न्हाईत, आरशासाठी येत्यात," एवढं एकच तत्त्वज्ञान त्यांच्याकडं होतं आणि त्यावर जिम चालत होती. माझी चाळिशी उलटली, पाळी जायला आली, कंबर सुटली. तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही काळा टीशर्ट घालत जावा. ट्रेनरच सुटल्यावर बायका काय बघून यायच्या?" मी सहा काळे टीशर्ट आणले. पोट आत ओढून "श्वास सोडा, मोकळा श्वास घ्या" असं दिवसभर ओरडायचं, हे किती अवघड असतं ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत.

नवरी पॅकेज ही कल्पना मात्र माझी. लग्नाआधी चाळीस दिवस, रोज सकाळी. पहिल्या दिवशी एक फोटो, शेवटच्या दिवशी दुसरा, आणि दोन्ही शेजारी शेजारी भिंतीवर. त्या फोटोंची कला सांगून टाकते. पहिला काढताना मुलीला म्हणायचं, "सहज उभी रहा." ती बिचारी खांदे पाडून, केस विस्कटलेले, ट्यूबलाइटच्या बरोब्बर खाली उभी राहते. दुसऱ्या वेळी ती फेशियल करून आलेली असते आणि मी म्हणते, "छाती पुढं, श्वास रोखून धर, हास." निम्मा फरक तिथंच पडतो. राहिलेला निम्मा उपाशी राहून.

चार वर्षांपूर्वी एका पावसाळ्याच्या अखेरीला पारूआक्का आल्या. वय साठीपुढचं, अंग भक्कम, साडी चापूनचोपून नेसलेली. चंदगडकडच्या. मुलगा कोल्हापुरात शिक्षक, म्हणून त्या इकडं राहायला आलेल्या. तो मुलगाच त्यांना घेऊन आला होता.

"आईचं वजन कमी करायचंय. साखर वाढलीय, डॉक्टरांनी सांगितलंय," तो म्हणाला.

मी काटा पुढं सरकवला. आक्कांनी काट्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"वजन कशाला? इकायला न्यायची हाय काय मला?"

मागं बायका हसल्या. मी समजावलं की सुरुवात कुठून झाली ते कळलं पाहिजे. आक्का म्हणाल्या, "मी सांगतो की सुरवात. काजूची बाग हाय आमची. उन्हाळ्यात बोंडं खाली पडत्यात, ती वाकून येचाय लागत्यात. दोन सालं झाली, मी खुर्चीवर बसून बोट दाखवतोय, त्यो बघ तिकडं पडलाय, ह्यो बघ हिकडं. बायका हसत्यात मला. मला बारीक व्हायचं न्हाय. मला वाकाय पायजे."

आमच्याकडं बायका 'मी येतो, जातो' असंच बोलतात, पण 'मला बारीक व्हायचं न्हाय' हे मी अठरा वर्षांत पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्या वहीत त्याला रकानाच नव्हता. वजन, कंबर, दंड, मांडी असे रकाने. वाकणं कुठं लिहायचं?

मग मी त्यांच्यासाठी वेगळंच सुरू केलं. आधी खुर्चीवर बसून हात न लावता उठायचं. ते जमलं की स्टूल, मग पाट, मग जमीन. टेनिसचे जुने चेंडू आणले, ते फरशीवर पसरले आणि आक्कांच्या हातात बादली दिली. गुडघ्यातून कसं वाकायचं, पाठ कशी सरळ ठेवायची ते दाखवलं. साडी गुडघ्याशी खोचून आक्का चेंडू वेचायला लागल्या. आरशासमोर उभ्या राहून दंड बघणाऱ्या बायका आधी हसल्या. आठवड्यानं प्राध्यापिका बाई दुसरी बादली घेऊन आल्या.

आक्का आल्यानंतर पंधरा दिवसांनी ऋतुजा आली. सव्वीस वर्षांची, शाहूपुरीतच एका ऑफिसात हिशेबनीस. लग्न ठरलेलं, नवरी पॅकेज घ्यायचं होतं. हसरी, गोल चेहऱ्याची, कष्टाला मागं न सरणारी मुलगी. पहिल्या दिवशी मी नेहमीचा प्रश्न विचारला, "काय कमी करायचंय?" ती म्हणाली, "दंड." बस्त्याच्या दिवशी नवऱ्या मुलाची मावशी शालू तिच्या खांद्यावर टाकून म्हणाली होती, "रंग छान दिसतोय, दंड जरा दिसत्यात." बाईनं बोलून टाकलं आणि चहा प्यायला गेली. ऋतुजा ते घेऊन माझ्याकडं आली.

त्या क्षणी मी काय म्हणायला पाहिजे होतं ते आता मला पाठ आहे. तेव्हा मी म्हणाले, "काळजी करू नको, मावशी ओळखणार नाही तुला." आणि सगळ्यांना देते तो डाएटचा छापील कागद तिलाही दिला.

ऋतुजाचा काटा भराभर खाली आला. इतक्या भराभर येऊ नये, हे मला कळत होतं. पण भिंतीवर लावायला इतका चांगला फोटो मला कित्येक दिवसांत मिळाला नव्हता. मी तिला मधे उभी करून बॅचला दाखवायची. "बघा, याला म्हणतात जिद्द." बायका टाळ्या वाजवायच्या. ती हसायची. तिचा चेहरा लांबट झाला होता, ओठ कोरडे पडले होते. मला त्यात गालाची हाडं दिसत होती आणि मी खूश होते.

एकदा पारूआक्का चेंडू वेचता वेचता माझ्याजवळ आल्या.

"बाई, ती पोरगी जिना चढताना भित धरून येत्या. बघितलासा काय?"

"काल पायांचा व्यायाम घेतला होता, आक्का. पाय भरले असतील."

"पाय भरल्यावर माणूस कण्हतंय. ही भित धरत्या."

"तुम्ही तुमची बादली बघा," मी म्हणाले. हसून म्हणाले, पण म्हणाले.

त्यानंतर तिसऱ्या की चौथ्या सकाळी ऋतुजा खांद्यावर नुसता रॉड घेऊन बैठका मारत होती. वजनं लावलेली नव्हती. मी मोजत होते. सातव्या बैठकीला ती खाली गेली आणि वर येताना तिचे डोळे कुठंच बघेनासे झाले. मला ते दिसलं आणि मी तरी "आठ" म्हणाले. इतकी ती जिभेची सवय. शेजारी आक्का होत्या. त्यांनी रॉड एका हातानं धरला आणि दुसऱ्या हातानं तिला कमरेत. रॉड बाजूला टेकवून त्यांनी तिला जमिनीवर निजवलं, तोवर मी जागची हललेली नव्हते.

पाणी शिंपडलं, पाय वर धरले. डोळे उघडायचे आणि मिटायचे. मनगटावर नाडी कधी धावायची, कधी चुकायची. एकीनं ॲम्ब्युलन्सला फोन लावला, ती वाटेत कुठंतरी अडकलेली. दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. आमचा जिना अरुंद, एकदम उभा. सकाळचे साडेसात, खालचं दुकान बंद, जिमची पुरुषांची बाजू संध्याकाळीच उघडायची, त्यामुळं पुरुष कोणी नाही.

"पाय धरा," आक्का मला म्हणाल्या.

त्यांनी तिच्या काखेखालून हात घातले, गुडघ्यात वाकल्या, पाठ सरळ ठेवली आणि उचललं. मी पाय धरले. जिन्यात त्या उलट्या उतरत होत्या, एकेक पायरी पायानं चाचपत, आणि मला सांगत होत्या, "सावकाश. घाई नगं. आता वळण हाय." बावीस वर्षांत माझ्याकडं शेकडो बायका वजन उचलायला शिकल्या असतील. ते कशासाठी शिकायचं असतं, ते मी त्या जिन्यात बघितलं. खाली रस्त्यावर आल्यावर आक्का मोटरसायकलवरून जाणाऱ्या एका माणसाला म्हणाल्या, "पावणं, फुडं जाऊन रिक्षा धाडा. लवकर." तो काही न विचारता वळला.

दवाखान्यात सलाईन लागलं, रक्त तपासलं. क्षार पार खाली गेले होते. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "ट्रेनर कोण?" मी हात वर केला, शाळेतल्यासारखा.

"ही खात काय होती?"

"मी कागद दिला होता डाएटचा."

"कागदावर काय लिहिलंय ते नाही विचारलं. खात काय होती?"

मला माहीत नव्हतं. ऋतुजाची आई आली. मला वाटलं, बाई आता माझ्या झिंज्या धरणार. त्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "घरात म्हणायची, जिममध्ये प्रोटीन घेते, भूक नाही." मला ती म्हणायची, घरून खाऊन आले. आम्ही दोघींनी एकमेकींवर सोडलं होतं आणि मधल्या मधे पोरगी उपाशी राहिली होती.

अण्णा आले. भिंतीला टेकून दोन तास उभे राहिले. बाहेर पडताना मी त्यांना म्हणाले, "उद्या भिंतीवरचे फोटो काढायचे. पॅकेज बंद. काटा पुरुषांच्या बाजूला न्यायचा."

"पोरगी बरी होऊ दे, मग बघू."

"मग नाही. उद्या."

"बाई, तुमची कल्पना ती. आता तुम्हीच मला शिकवताय?" अण्णा चिडले. "आणि आरसा एवढा वाईट हाय तर तुम्ही काळा टीशर्ट का घालताय?"

"तुम्ही सांगितलं म्हणून."

अण्णांना आठवतच नव्हतं. खरोखर आठवत नव्हतं. चहा घेता का म्हणावं तसं बोलून गेले होते आणि मी त्यावर बारा वर्षं पोट आत ओढून उभी होते. मला एकदम हसू आलं. दवाखान्याच्या दारात मी पोट सोडलं. चांगलं ऐसपैस सोडलं. अण्णांनी बघितलं आणि मान वळवली.

"नाहीतर मी उद्यापासून येत नाही," मी म्हणाले.

ते दाराच्या चौकटीला पाठ घासायला लागले. मग म्हणाले, "दिवाळीपतोर बघू."

फोटो निघाले, काटा गेला. लगेच निम्म्या बायका जिम सोडून गेल्या. एकीनं जाताना ऐकवलं, "वजनच करणार नसाल तर आम्ही घरी झाडू मारतो की." तिचंही बरोबर होतं, अठरा वर्षं मीच बायकांना काटा दाखवत आले होते. मग हळूहळू दुसऱ्या आल्या. कुणाला साखर, कुणाची कंबर, एकीला नातू उचलून घ्यायचा होता, एकीला नुसती झोप लागत नव्हती. वहीत मी नवे रकाने पाडले. जिना किती दमात चढते. मांडी घालून बसता येतं का. झोप कशी. दिवाळी आली आणि गेली. अण्णांनी विषय काढला नाही आणि मीही काढला नाही.

फाल्गुनात पारूआक्का यायच्या बंद झाल्या. मला वाटलं आजारी पडल्या. महिन्याभरानं फोन आला. मागं बायकांचा कलकलाट चाललेला. "बाई, बागेत हाय मी. सकाळपास्नं दोन पाट्या येचल्या. खुर्ची सुनंला दिल्या." डॉक्टरांनी वजनाबद्दल काय सांगितलं, मी विचारलं. "त्येच हाय म्हणत्यात. साखर तेवढी उतरल्या." आणि फोन ठेवला, कारण बोलायला त्यांना वेळ नव्हता.

ऋतुजाचं लग्न ठरल्या दिवशीच झालं. दवाखान्यात तिनं नवऱ्या मुलाला बोलावून सगळं सांगितलं होतं, मावशीसकट. मुलगा शहाणा निघाला. दुसऱ्या दिवशी मावशीला घेऊन आला. मावशी शहाळं घेऊन कोपऱ्यात बसल्या, वर बघेनात. "मी आपलं सहज बोलले," एवढंच म्हणत राहिल्या. मला त्यांचा राग यायला पाहिजे होता, पण आला नाही. त्या एकदा बोलल्या होत्या. मी तर रोज काट्यावर उभी करून बोलत होते. लग्नाच्या आदल्या दिवशी शिंप्यानं ऋतुजाचा ब्लाऊज दोन्ही बाजूंनी उसवून सैल केलेला होता. मी पोटभर जेवले. नवरीला भेटायची हिंमत झाली नाही, अक्षता टाकून मागच्या मागं निघाले.

आता मी कळंब्याला, राहते तिथल्याच सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी वर्ग घेते. मशीन नाही, आरसा नाही. गेल्या महिन्यात दारात एक बाई उभी. कडेवर वर्षाची मुलगी. चेहरा पुन्हा गोल झालेला, म्हणून लगेच ओळखलं. ऋतुजा. बाळाला उचलून उचलून पाठ दुखायला लागली होती, कुणीतरी माझं नाव सांगितलं होतं.

वर्ग संपल्यावर बाकीच्या गेल्या. आम्ही सतरंजीवर बसलो. इतकी वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते मी बोलले. चुकलं माझं, म्हणाले. मला दिसत होतं आणि मी टाळ्या वाजवत राहिले.

ती मुलीचं झबलं सारखं करत होती. म्हणाली, "मॅडम, मी तेव्हा सगळ्यांना खोटं सांगत होते. तुम्ही विचारलं असतं तरी खोटंच सांगितलं असतं."

मला जरा हलकं वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली, "पण विचारायला पाहिजे होतं तुम्ही."

"काय?"

"जेवलीस का म्हणून. सगळेजण विचारायचे, किती कमी झालं. जेवलीस का, हे कुणीच विचारलं नाही."

आता वर्गाला येणाऱ्या प्रत्येकीला मी दारातच विचारते, काय खाऊन आलीस. बायका वैतागतात. "मॅडम, ह्यो व्यायामाचा वर्ग हाय का खानावळ?" असं म्हणतात आणि सांगतात, पोहे, भाकरी, रात्रीची आमटी. त्यांना मी आत सोडते. आणि जी उत्तर द्यायला जरा थांबते, तिला बाकड्यावर बसवते आणि माझा डबा उघडते.